आधी दुखण्याचं नाव, मग हात: नागपुरात लहान मुलांना ऑस्टिओपॅथीसाठी नेण्याआधी आणि नेल्यावर

माझ्याकडे मूल घेऊन येणारे आईबाबा बहुतेक वेळा निदान सोबतच घेऊन येतात. ‘मॅडम, याची नस चढली’, ‘बेंबी सरकली’, ‘मानेत उसण भरली’. सोबत आजी असली तर ती रागाने सांगते, ‘मालिशवाली बाई यांनी पंधरा दिवसांतच बंद केली, म्हनून रडते पोरगं.’ आणि मग हमखास येणारा प्रश्न: तुम्ही ऑस्टिओपॅथी करता का? मोबाइलवर त्यांनी एक व्हिडिओ पाहिलेला असतो. परदेशातली कुणी थेरपिस्ट बाळाच्या डोक्याखाली अलगद हात ठेवून बसली आहे आणि बाळ शांत झोपलं आहे.

मी मूळची फिजिओथेरपिस्ट. ऑस्टिओपॅथीचं, म्हणजे स्नायू-सांधे हातांनी हाताळून करायच्या उपचाराचं, प्रशिक्षण नंतर घेतलं आणि आता बहुतेक काम लहान मुलांसोबतच असतं. हातांनी आराम मिळतो हे मी रोज पाहते. तरीही आईबाबांना पहिल्याच भेटीत सांगते की हात लावण्याआधी दुखण्याचं नाव कळलं पाहिजे. नाव न कळता लावलेला हात कितीही मायेचा असला तरी तो मोलाचा वेळ घालवतो. मुलांच्या बाबतीत तो वेळ परत मिळत नाही.

ही पद्धत आली कुठून आणि करू काय शकते

अमेरिकेतले डॉक्टर अँड्र्यू टेलर स्टिल यांनी १८७४ साली ऑस्टिओपॅथीचा विचार मांडला आणि १८९२ मध्ये मिसुरी राज्यातल्या कर्क्सव्हिल गावी पहिलं विद्यालय काढलं. हाडं, स्नायू, सांधे आणि रक्ताभिसरण यांचं एकमेकांशी घट्ट नातं आहे आणि हातांनी त्यांची हालचाल सुधारली तर शरीर स्वतःला सावरतं, असं या विचाराचं सार. पुढे प्रत्येक देशात तिची वाट वेगळी झाली. अमेरिकेतला ऑस्टिओपॅथिक डॉक्टर हा पूर्ण डॉक्टर असतो, औषधं लिहितो, शस्त्रक्रियाही करतो. ब्रिटनमध्ये १९९३ च्या कायद्याने हा स्वतंत्र, नोंदणीकृत व्यवसाय झाला. फ्रान्समध्ये २००७ च्या आदेशानुसार ६ महिन्यांखालच्या बाळाची कवटी, चेहरा किंवा पाठीचा कणा हाताळायचा असेल तर आधी डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, कारण आपल्याला घालून घ्यायचा नियम नेमका हाच आहे.

आता उपयोगाबद्दल, आणि इथे मला प्रामाणिक राहायचं आहे. तान्ह्या बाळांच्या रडण्यावर हातांनी केलेल्या उपचारांचे प्रयोग कॉक्रेन या संशोधन पडताळणाऱ्या संस्थेच्या २०१२ च्या आढाव्यात एकत्र तपासले गेले. ६ प्रयोग, ३२५ बाळं. रडणं थोडं कमी झाल्यासारखं दिसलं, पण प्रयोग लहान होते आणि बऱ्याच ठिकाणी आईबाबांना आपल्या बाळावर उपचार झाला आहे हे माहीत होतं. त्यामुळे ठाम निष्कर्ष निघाला नाही. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालीत अडचण असलेल्या १४२ मुलांवर ब्रिटनमध्ये कवटीच्या ऑस्टिओपॅथीचा प्रयोग झाला. त्याचे निकाल २०११ मध्ये आले आणि मुलांच्या हालचालीत ठोस सुधारणा दिसली नाही. म्हणून ‘डोक्याला हात लावून मेंदूचा विकास वाढवतो’ असं कुणी म्हटलं तर तिथून उठून या. आखडलेला स्नायू सैल करणं, बाळाला कसं धरावं आणि कसं झोपवावं हे आईला शिकवणं, दुखऱ्या गुडघ्यावरचा ताण कमी करणं, यात मात्र जाणत्या हातांचा खरा उपयोग आहे.

पहिली पायरी: आधी बालरोगतज्ज्ञ

काही लक्षणं दिसली की मालिश नाही, थेरपी नाही, सरळ रुग्णालय. ३ महिन्यांखालच्या बाळाला १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप. हिरवी उलटी. शौचात रक्त. दूध न ओढणं, हाक मारूनही मरगळलेलं राहणं. टाळू फुगलेली. झटके. एक हात किंवा पाय अजिबात न हलवणं. मोठ्या मुलात लंगडणं, सांधा सुजणं, रात्री झोपेतून उठवणारं एकाच जागचं दुखणं, वजन घटणं, पायातली ताकद कमी होणं किंवा लघवी-शौचावरचा ताबा जाणं.

नागपूरकराला लांब जावं लागत नाही. ‘मेडिकल’ म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, ‘मेयो’ म्हणजे इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, आणि मिहानमधलं एम्स, तिन्ही ठिकाणी बालरोग आणि अस्थिरोग विभाग आहेत. तातडीच्या वेळी १०८. खर्चाची काळजी असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. त्याचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा सरकारी शाळेत येतं. त्यांनी मुलाला पुढे पाठवलं तर तपासणी आणि उपचार मोफत होतात. अंगणवाडीताईंना नुसतं विचारा, तारीख त्याच सांगतील.

दुसरी पायरी: हात कुणाचा

आपल्याकडे ऑस्टिओपॅथी करणारे बहुतेक जण मुळात फिजिओथेरपिस्ट असतात. म्हणून फोनवर पहिला प्रश्न मूळ पदवीचा विचारा. आज काम करणाऱ्या बहुतेकांची फिजिओथेरपीची पदवी इंटर्नशिपसह साडेचार वर्षांची आणि महाराष्ट्रात त्यासाठी राज्य परिषदेची नोंदणी असते. नोंदणी क्रमांक मागायला लाजू नका, मागितल्यावर जो चिडतो त्याच्याकडे जाऊच नका. मग विचारा: एका वर्षाखालची किती मुलं पाहता? कोणतं दुखणं परत पाठवता? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला जास्त महत्त्वाचं वाटतं. जो कुणालाच परत पाठवत नाही, त्याला आपली हद्द माहीत नाही.

पहिल्या भेटीला लसीकरणाचं कार्ड, डिस्चार्ज कार्ड, वजनाच्या नोंदी आणि असतील ते सगळे रिपोर्ट न्या. बाळाचं पोट अगदी भरलेलंही नको, रिकामंही नको. अर्धा-पाऊण तास नुसत्या प्रश्नांत आणि तपासणीत गेला तर ते चांगलं लक्षण समजा. बाळंतपण कसं झालं, बाळ कोणत्या बाजूने दूध नीट पितं, झोपताना मान कुठे वळते, हे विचारलंच पाहिजे. हात लावण्याआधी ‘मी आता काय करणार आहे’ हे सांगितलं पाहिजे आणि तुम्ही ‘थांबा’ म्हणालात की थांबलं पाहिजे. किशोरवयीन मुलीसोबत आई किंवा मावशी खोलीत असायलाच हवी, आणि कपडे काढण्याची गरज काय हे तिला स्वतःला पटलं पाहिजे. बाळाच्या मानेला झटका देणं, सांधा ‘कट’ वाजवणं मी कधीच करत नाही. तुमच्या बाळाला कुणाला करू देऊ नका.

किती वेळा यायचं ते पहिल्याच दिवशी ठरवा. माझा नियम ३ भेटींचा आहे. तीन भेटींत काहीच बदल नाही, तर उपचार वाढवायचा नाही, निदान पुन्हा तपासायचं. वीस भेटींचं पॅकेज आगाऊ पैसे देऊन घेऊ नका. आणि थेरपी सुरू झाली म्हणून लस, फिटची गोळी, पायाचा पट्टा यातलं काहीही स्वतःहून बंद करू नका.

तान्हं बाळ

सर्वात जास्त येतात ती मान एका बाजूला कललेली बाळं. मानेच्या बाजूचा स्नायू आखडलेला असतो, कधी त्यात बोराएवढी कडक गाठ हाताला लागते. ती बहुतेक वेळा जन्मानंतर दोन-तीन आठवड्यांनी दिसते आणि घर हादरतं. घाबरू नका, पण थांबूही नका. पहिल्या तीन महिन्यांत व्यायाम सुरू झाले तर बहुतेक मुलं शस्त्रक्रियेशिवाय बरी होतात. अशा बाळाचे खुबेही तपासून घ्या. मान आणि खुबा यांचे दोष कधी कधी जोडीने येतात, आणि पाळण्याच्या वयात खुब्याची सोनोग्राफी साधारण सहा आठवड्यांनी करता येते.

घरी करायचं ते असं. ज्या बाजूला बाळ वळत नाही, त्या बाजूला त्याच्या जगातलं सगळं आकर्षण न्या: खिडकी, दार, आईची बसायची जागा. पाळण्यात डोकं आणि पाय यांच्या दिशा बदला, म्हणजे तुमच्याकडे पाहायला त्याला उलट्या बाजूला वळावंच लागेल. दूध पाजतानाही तसंच धरा. जागं असताना रोज काही वेळा पोटावर, सुरुवातीला आईच्या छातीवरच, एक-दोन मिनिटं. मान ताणायचे व्यायाम मात्र शिकून घेतल्याशिवाय करू नका. थेरपिस्टसमोर तुम्ही करून दाखवले आणि तिने हात दुरुस्त केला, की मग घरी करा.

दुसरी तक्रार चपट्या डोक्याची. आपल्याकडे मोहरीची उशी देतात आणि मालिशवाली बाई रोज दाबून डोकं ‘गोल’ करते. बाळाला पाठीवर झोपवणं सुरक्षित आहे आणि तेच करायचं. एका वर्षाखाली उशी मात्र नको, मोहरीचीही नाही. डोकं गोल होतं ते बाळ जागेपणी वेगवेगळ्या बाजूंना वळतं, पालथं पडतं, पुढे बसायला लागतं म्हणून. पण डोक्यावर कडक उंचवटा जाणवत असेल, टाळू लवकर भरली असेल किंवा डोक्याचा घेर अपेक्षेप्रमाणे वाढत नसेल, तर कवटीचे सांधे वेळेआधी जुळलेले असू शकतात. जुळलेलं हाड कोणाच्याही हातांनी उघडत नाही. तिथे न्यूरोसर्जनच.

मालिशीबद्दल सविस्तर बोलते, कारण नागपुरात ऑस्टिओपॅथपेक्षा मालिशवाली बाईच आधी पोचते. तिच्या हातात पिढ्यांचं कसब असतं आणि मालिशीने बाळ-आई दोघांनाही सुख मिळतं. तिला बंद करा असं मी म्हणत नाही. तिच्याजवळ बसा आणि काही गोष्टी थांबवा. नाक ओढून सरळ करणं, नाकात-कानात तेल घालणं, टाळू दाबणं, पाय धरून उलटं लटकवणं, हातपाय पिळल्यासारखे ओढणं, आणि छातीतून ‘दूध’ पिळून काढणं. शेवटच्या प्रकाराने गळू झालेली बाळं मी पाहिली आहेत. तेल कोमट असावं आणि आधी आपल्या मनगटावर पाहावं. अंघोळीनंतर बंद खोलीत धुरी देऊ नका, बाळाचा श्वास त्यात कोंडतो. घट्ट, पाय सरळ करून गुंडाळणंही टाळा. खुबे मोकळे आणि पाय बेडकासारखे फाकलेले राहिले पाहिजेत. आपल्या आज्या मूल कडेवर, पाय दोन्ही बाजूंना सोडून घेत आल्या. ती सवय खुब्यासाठी उत्तम आहे, मोठ्या बाळासाठी ती सोडू नका.

रडण्याबद्दल. दिवसात तीन तासांहून जास्त, आठवड्यात तीनहून जास्त दिवस, तीन आठवडे रडणं, ही पोटशुळाची जुनी व्याख्या. रडणं साधारण सहाव्या आठवड्यात शिखरावर जातं आणि तीन-चार महिन्यांत बऱ्यापैकी ओसरतं. त्या काळात मिळालेल्या आरामाचं श्रेय कोणत्याही थेरपीने, माझ्यासकट, एकटीने घेऊ नये. माझ्या खोलीत मी पोटावर अलगद हात ठेवते, आईला बाळ हातावर पालथं धरायला शिकवते आणि दूध ओढण्याची पद्धत पाहते. आईला दोन तास झोप मिळेल अशी घरात सोय करायला तिच्या सासूला सांगते, आणि बहुतेक वेळा सासूबाई ऐकतात. रडण्याने कितीही जीव कातावला तरी बाळाला गदागदा हलवू नका, झटके देऊ नका. त्याला सुरक्षित जागी ठेवून पाच मिनिटं दुसऱ्या खोलीत जाणं बरं.

वाकडी पावलं घेऊन जन्मलेल्या बाळाला थेरपीच्या दारात आणण्याआधी अस्थिरोग विभागात न्या. पोन्सेटी पद्धतीने दर आठवड्याला प्लास्टर बदलत पाऊल सरळ करतात आणि मग वर्षानुवर्षं रात्री पट्ट्याचे बूट घालावे लागतात. पट्टा सोडला की पाऊल पुन्हा वाकडं होतं. आजीला दया येते आणि पट्टा निघतो, असं अनेकदा घडतं. आजीला एकदा दवाखान्यात सोबत न्या.

चालायला लागलेलं मूल

दोन वर्षांपर्यंत पाय धनुष्यासारखे, तीन-चार वर्षांत गुडघे एकमेकांना लागणारे, सातव्या वर्षापर्यंत सरळ. पावलांचा सपाटपणाही सहा वर्षांपर्यंत साधारणच. यातल्या बहुतेकांना थेरपी नको असते. फक्त एकाच पायाला बाक असेल, तो वाढत असेल किंवा मनगटं रुंद दिसत असतील तर डॉक्टरांना दाखवा, मुडदूसही तपासून घ्या. पहिल्या वर्षी रोज ४०० युनिट ड जीवनसत्त्व देण्याची शिफारस आहे. ‘नागपुरात ऊन भरपूर आहे’ म्हणून ते सोडू नका, कारण दुपारचं ऊन आपण मुलाला लागूच देत नाही.

रस्ता ओलांडताना मुलाचा हात झटक्यात ओढला आणि मग ते हात हलवेना, तर बहुधा कोपराचं हाड थोडं निसटलेलं असतं. हाडवैद्याकडे नको, डॉक्टरकडे जा. ते मिनिटभरात बसवतात आणि मूल तिथेच बिस्किट घ्यायला हात पुढे करतं. पडून लागलं असेल तर मात्र आधी एक्सरे.

‘वाढीचं दुखणं’ आणि विदर्भाची एक वेगळी गोष्ट

शाळेत जाणाऱ्या मुलांचे पाय रात्री दुखतात. दोन्ही पाय, मांड्या आणि पोटऱ्या, संध्याकाळी किंवा झोपेच्या वेळी. सकाळी मूल पुन्हा उड्या मारतं, लंगडत नाही, ताप नाही. हे वाढीचं दुखणं. हलकी मालिश, कोमट शेक, झोपण्याआधी पोटऱ्या-मांड्यांचा ताण घालवणारे साधे व्यायाम, एवढं पुरतं.

पण आपण विदर्भात राहतो आणि विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत आठ वर्षांचा एक मुलगा आला. चिठ्ठीवर ‘वाढीचं दुखणं’ लिहिलेलं होतं. मी ते मान्य केलं, तीन दिवस त्याचे पाय हातांनी मोकळे केले. चौथ्या दिवशी खिडकीजवळ त्याने वर पाहिलं तेव्हा डोळे पिवळे दिसले. तपासणीत सिकलसेल निघाला. तीन दिवस तो मुलगा कळ सोसत होता आणि मी त्याच्या पोटऱ्या दाबत होते. तेव्हापासून हाडं दुखणाऱ्या प्रत्येक मुलाच्या आईला मी सिकलसेलची तपासणी झाली आहे का ते विचारते.

सिकलसेलमध्ये रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडाला रक्त पोचत नाही म्हणून असह्य दुखतं. सहा महिन्यांपासून दोन-अडीच वर्षांच्या मुलात हातापायांचे पंजे सुजतात. ते ‘मुरगळलं’ समजून मालिशीला नेतात, ते करू नका. पाणी कमी पडणं, थंडी, ताप, दमणं यांनी दुखणं भडकतं. नागपूरचा मे महिना आणि डिसेंबरच्या पहाटे, दोन्ही या मुलांना जड जातात. सोल्युबिलिटी ही रक्ताची चाचणी स्वस्त आणि सोपी आहे, मात्र ती फक्त चाळणी आहे. तिच्यात दोष दिसला तर एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस या पुढच्या रक्तचाचणीने पक्कं करतात. सहा महिन्यांखाली सोल्युबिलिटी चाचणी फसवते. ‘आमच्या घराण्यात हे नसतं’ म्हणून थांबू नका. सिकलसेल पक्का असलेल्या मुलाला बर्फाचा शेक आणि जोरदार मालिश नको, भरपूर पाणी हवं, आणि ताप आला तर त्याच दिवशी रुग्णालय. अशा किशोराचा खुबा किंवा मांडी दुखून तो लंगडू लागला तर खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तपासावाच लागतो.

वयात येणारी मुलं

दप्तराने सुरुवात करते. २०२० च्या शालेय दप्तर धोरणानुसार दप्तर मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपर्यंत असावं. ३५ किलोच्या मुलाला साडेतीन किलो. घरी वजनकाट्यावर एकदा ठेवून पाहा, बहुतेक आईबाबा तिथेच गप्प होतात. क्लासला जाणाऱ्या मुलांची पाठ-मान दुखते तेव्हा मी आधी खुर्ची-टेबलाची उंची, चष्म्याचा नंबर, झोप आणि मोबाइल धरण्याची पद्धत विचारते. चाळीस मिनिटांनी एकदा उठून पाणी प्यायलं तर बरंच काम होतं. उरलेल्या आखडलेपणावर हातांचा उपयोग होतो.

मुलीची उंची भराभर वाढत असताना, साधारण दहा ते चौदा वयात, महिन्याला एकदा तिला हात जोडून पुढे वाकायला सांगा आणि मागून पाहा. पाठीची एक बाजू उंच दिसली, एक खांदा वर असला, कमरेचा एक बाक खोल असला, तर अस्थिरोगतज्ज्ञांकडे एक्सरे. कण्याचा बाक थेरपीने सरळ होत नाही. वेळेवर घातलेला ब्रेस तो वाढण्यापासून थांबवू शकतो, म्हणून ‘आधी दोन महिने थेरपी करून पाहू’ असं म्हणू नका.

खेळणाऱ्या मुलांचा वेगळा विचार. गुडघ्याखालचा उंचवटा दुखतो तेव्हा ऑसगुड-श्लॅटर असू शकतो, टाच दुखली तर सेव्हर्स; दोन्ही वाढत्या हाडावर ताण येऊन होणारे त्रास. दोन्हीत मैदानावरचे तास कमी करणं हेच मुख्य औषध, जोडीला मांडी-पोटरीचे व्यायाम. तेज गोलंदाजी करणाऱ्या मुलाची कमर मागे वाकताना दुखत असेल तर मणक्यात ताणाची भेग असू शकते. तिथे पाठ ‘मोकळी’ करणं धोक्याचं, विश्रांती आणि एमआरआयची वाट धरा. जाडसर मुलगा गुडघा दुखतो म्हणून लंगडत आला तरी खुबा तपासायला सांगा. दहा ते सोळा वयात खुब्यातलं हाड घसरतं आणि कळ गुडघ्यात जाणवते. त्याला पाय टेकवू न देता त्याच दिवशी न्यावं लागतं.

आणि शेवटी मानेबद्दल, कारण हे आमच्या गल्लीबोळात रोज घडतं. पोरगं कटिंगला जातं, डोक्याची चंपी होते आणि शेवटी खुर्चीवरच कारागीर दोन्ही हातांनी हनुवटी-डोकं धरून मान कटकन वळवतो. मित्र हसतात, त्यालाही बरं वाटतं. अशा झटक्याने मानेतल्या रक्तवाहिनीला चीर जाऊ शकते, आणि मज्जारज्जूलाही इजा होऊ शकते. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलात मानेचे वरचे दोन मणके सैल असू शकतात, त्यांच्यासाठी तर हा प्रकार प्राणघातक ठरू शकतो. शनिवारी मुलाला कटिंगला पाठवताना सोबत एकदा जा आणि कारागिराला शांतपणे सांगा, ‘दादा, केस कापा, चंपी करा, मान मोडू नका.’